दादाची डिस्पोजल

बातमी आली तेव्हा मी अमरावतीत, बडनेरा रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात उभी होते. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईचे तिथे काय काम, असे त्या दुकानदाराला सुरुवातीला वाटले असावे, पण पुढे माझे येणेजाणे इतके वाढले की तो मला लांबूनच "मॅडम, आज काय? डिस्क का टूब?" असे विचारू लागला. त्या दिवशी ट्यूब हवी होती. गावाकडच्या आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाची. दुकानदाराने तिच्यात हवा भरून ती पाण्याच्या टाक्यात दाबून धरली होती, कुठे बुडबुडा येतो का ते मी वाकून पाहत होते, आणि फोन वाजला. गावातल्या शेजारच्या दिलीपचा होता. "आत्या, दादा गेले," तो म्हणाला. मी विचारले, "अकोल्याला?" …कारण दादा असाच, सकाळी उठून कुणाला न सांगता अकोल्याच्या भंगार बाजारात जात असे.  तो म्हणाला, "नाई आत्या. ओट्यावर चहा घेऊन राहिले होते… तुमी या." दुकानदाराने ट्यूब पुसली आणि विचारले, "बांधून देऊ, मॅडम?" मी "बांधा" म्हणाले. भावाच्या अखेरच्या दर्शनाला मी मांडीवर ट्यूब घेऊन गेले, हे सांगताना संकोच वाटतो. पण त्या पॅसेंजर गाडीत, बडनेरा ते मूर्तिजापूर, धरायला हातात काहीतरी होते एवढे खरे.

त्या प्रवासात रडू आले नाही. मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो फारसा उदात्त नव्हता. आता मी रविवारी कुठे जायचे?

श्रीधर हा माझा सख्खा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणत असे, आणि पुढे सारे गावच म्हणू लागले. मूर्तिजापूरपासून आत आमचे गाव. काळी जमीन, थोडा कापूस, थोडी तूर, विहिरीजवळ भाजीपाला. मी शाळकरी वयातच शिक्षणासाठी अमरावतीला गेले आणि तिथलीच झाले. लग्न केले नाही. दादा गावातून हलला नाही. आम्हा दोघांत भांडण कधी झाले नाही, कारण भांडायला जेवढी जवळीक लागते तेवढी नव्हतीच. राखीला आणि दिवाळीला मी जात असे. तो विचारी, "बरी हाय ना?" मी म्हणे, "बरी आहे." त्यापुढचे सगळे वहिनी बोलत असे. त्याचे मला सांगे, माझे त्याला सांगे, आणि आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना बसून जेवत असू. ती गेली तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नाही. पराग, म्हणजे दादाचा मुलगा, पुण्याला नोकरीत. दादाला एकटे वाटू नये म्हणून मी दर रविवारी जायचे ठरवले. आणि ते रविवार भयंकर होते. पंख्याचा आवाज ऐकत दोघे बसून राहायचे. चार वाजले की मी म्हणायचे, "निघते", आणि त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसे तीच बहुधा माझ्याही चेहऱ्यावर त्याला दिसत असेल.

अशाच एका रविवारी तो मध्येच उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने त्याची हाक आली, "सुधे, इकडे ये वो जरा. बॅटरी धर."

कडुलिंबाखाली आमच्या वडिलांची गाडी कित्येक वर्षे उभी होती. सैन्याच्या लिलावात निघालेली, जाड पत्र्याची, पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ती अवजड गाडी. अशा गाड्यांना आमच्याकडे सरसकट 'डिस्पोजल' म्हणतात. वडील तिच्यातून भाजी आणि कापूस नेत. मग मागच्या एक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, दाते झिजले, सुटे भाग मिळेनात, आणि ती जी थांबली ती थांबलीच. चाकांना मुंग्यांनी वारुळे केली, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. दादा त्या गाडीखाली पाठीवर झोपला होता. मी वाकून बॅटरीचा उजेड पाडला. तो म्हणाला, "तिथं नाई, माह्या डोयात कायले मारतं? वर मार, वर." एका रविवारी त्याने माझ्याशी बोललेले ते सर्वांत लांब वाक्य होते.

त्याच्या मनात असे होते की हे एक्सल काढून टाकायचे आणि भंगारात निघालेल्या मोठ्या मालट्रकचे दोन्ही एक्सल हिला घालायचे. मोठे एक्सल म्हणजे मोठी चाके, आणि मोठी चाके म्हणजे गाडी जमिनीपासून उंच. मग भर पावसाळ्यातही नाला ओलांडून पलीकडच्या वावरात जाता येईल. आमची काळी माती भिजली की चाकाला लागते ती सोडत नाही, आणि त्यामुळे ते पलीकडचे वावर अर्धे वर्ष आम्हाला परकेच असे. गावात ज्याने त्याने विचारले, "दादा, त्यापक्षा एक ट्रॅक्टर काहून घेत नाई?" दादा सगळ्यांना निरनिराळी उत्तरे देई. मला म्हणाला, "ट्रॅक्टरवर मानूस एकटाच बसते वो."

दादाला यंत्रांतले फार कळत होते असे नाही. हे मी प्रेमाने लिहीत आहे. तो मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले व्हिडिओ पाही, त्यांतले एक अक्षर त्याला समजत नसे, आणि तरी मान हलवत म्हणे, "हेच ते. मी म्हनलंच होतं." त्याच्या बोलण्यात 'मी म्हनलंच होतं' हे इतक्या वेळा येई की तो नेमके कधी, कुणाला म्हणाला होता हे विचारायचा मोह मी आवरत असे. आम्ही कामाची वाटणी केली: अकोल्याची बाजू त्याची, अमरावतीची माझी. अकोल्यात भंगार बाजार आणि तिथले लेथवाले रऊफभाई. अमरावतीत टायर, ट्यूब, नटबोल्ट. मोठ्या एक्सलला जुन्या चाकांच्या डिस्क बसेनात, कारण भोकांची संख्याच वेगळी. म्हणून डिस्क बदलल्या. डिस्क बदलल्या म्हणून टायर बदलले. टायर एवढे रुंद निघाले की ते मडगार्डच्या बाहेर आले, आखूड झालेल्या सदऱ्यातून वाढत्या पोराचे हात यावेत तसे. एक गोष्ट बदलली की तिच्या शेजारची बदलावी लागे. मी आयुष्यभर वर्गात अनुमानांच्या साखळ्या शिकवल्या, पण एका कडीने दुसरी कडी अशी ओढली जाताना मी तिथे, चिखलात उकिडवी बसून, प्रथम पाहिली.

मागचा एक्सल बसवला त्या दिवसाची गोष्ट गावात अजून सांगतात. जुन्या गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, एक्सलच्या वर बसायचे आणि मालट्रकच्या त्या एक्सलवर पाट्यांची बैठक नेमकी खालच्या अंगाला होती. दादाने विचार केला, आणि दिलीपसह चार माणसे लावून तो एक्सल सरळ पालथा घातला. बैठक वर आली. तो खूश झाला. मी भीत भीत म्हटले, "दादा, तेल भरायचे बूच आता खाली आले ना?" तो म्हणाला, "मंग खालून भरू. तू बॅटरी धर." पुढचा एक्सल जोडायचा बाकी होता, पण त्याला धीर कुठला! दुपारी सगळा गाव जमा झाला. दादा धुतलेला सदरा घालून केबिनमध्ये चढला, इंजिन धडधडले, त्याने पहिला गिअर टाकला, ऐटीत समोर पाहिले, आणि गाडी मागे गेली. चांगली जोरात गेली. मागे रचलेल्या तुराट्यांच्या गंजीत शिरूनच थांबली. त्याने पुन्हा पहिला टाकला. ती आणखी आत शिरली. दुसरा टाकला तर आणखी वेगाने. पारावरून कोणीतरी ओरडले, "दादा, गाडीले माहेर आठवलं का काय?" दुसरा म्हणाला, "नाई बावा, दादाले पायल्याबरोबर मांगं सरली ते!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावे असे झाले होते, कारण चारचौघांत फजिती ही गोष्ट मी आयुष्यभर टाळत आले आहे.

दादाने शांतपणे रिव्हर्स गिअर टाकला. गाडी तुराट्या अंगावर घेऊन पुढे निघाली. आणि मग त्याने जे केले ते मी कधीही करू शकले नसते: रिव्हर्समध्येच, त्या एकुलत्या एका पुढे जाणाऱ्या गिअरवर, मुंगीच्या गतीने, त्याने गावातून पूर्ण फेरी मारली. खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना सांगत होता, "चालते ना? मंग! बाकीचे गिअर मांगं जायाले ठेवले. माह्यासारखे मांगं जायाचे रस्ते कोनाकडं हायेत?" संध्याकाळी रऊफभाईंना फोन लावला, तर पलीकडून बराच वेळ नुसते हसणेच ऐकू येत होते. मग ते म्हणाले, "दादा, आपने एक्सल उल्टा डाल दिया. उल्टा डाला तो चक्के बी उल्टेच घूमेंगे ना! खोलो, पलटाओ, पाटों की बैठक मैं यहाँ वेल्डिंग करके देता." दादाने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मी म्हनलंच होतं."

सगळे पुन्हा उघडावे लागणार होते. घरी परतताना पॅसेंजरमध्ये मला जाणवले की मी खूश आहे. काम वाढले होते, म्हणजे रविवार वाढले होते. डिस्पोजल पूर्ण झाली की मी तिथे कोणत्या कारणाने जाणार, या प्रश्नाला मी तोवर मनात नीट सामोरी गेले नव्हते.

गाडीखालचे ते तास हेच माझ्या उत्तरायुष्यातले खरे संभाषण. दोघे गोणपाटावर पाठीवर झोपलेले, वर काळे लोखंड, नजर त्या लोखंडाकडे. एकमेकांकडे पाहायचे नसले की आम्हा भावंडांना बोलता येत होते. तिथे त्याने मला विचारले की मी लग्न का केले नाही. मी खरे ते सांगितले, की कोणी विचारले तेव्हा उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. तो बराच वेळ पाना फिरवत राहिला आणि म्हणाला, "आपल्या घरात सगळ्याइलेच वेळ लागते." एकदा म्हणाला, "पराग्याची माय गेली तवापासून घरात माहा आवाज मलेच मोठा वाटते. म्हनून बाहीर येऊन बसतो."  मी हातातला चौदा-पंधराचा पाना त्याच्या हाताशी सरकवला. वहिनीने त्याची समजूत अधिक चांगली घातली असती.

गाडी सरळ चालू लागल्यावर त्याने मला ती शिकवायला घेतली. साठी उलटलेल्या बाईने, जिने कधी स्कूटीही नीट चालवली नाही, एवढे धूड चालवावे हे मला हास्यास्पद वाटत होते. शिकवताना तो फार वाईट ओरडे. "क्लच! क्लच, सुधे! तो काय कालेजातला पोरगा हाय का, का हळू बोलल्यानं आयकंल? दाब!" मी गाडी बंद पाडली की डोक्याला हात लावून बसे, आणि मी रस्त्यावरून सरकून धुऱ्यावर, कपाशीच्या कडेच्या बांधावर, चढवली की खिडकीबाहेर पाहत शांतपणे म्हणे, "बराबर. आता पऱ्हाटी बी पाहून झाली, चाल रस्त्यावर." एक हिवाळा असा गेला. विहिरीपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंत. गाडीचे कागद केव्हाच संपलेले, त्यामुळे सडकेवर न्यायचा प्रश्नच नव्हता. तिचे सारे जग आमच्या वावरापुरतेच होते आणि मला ते पुरेसे होते.

यंदाच्या पोळ्याला मी गेले होते. ती आमची शेवटची भेट. गोठा रिकामा होऊन काळ लोटला होता, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दादा हळद आणि तूप कालवून, पळसाची पाने घेऊन बाहेर आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. त्याने डिस्पोजलच्या चाकांमधले चारही हब शेकले. पानाने हळद-तूप लावले, तळहाताने चोळले, आणि बैलाच्या कानात म्हणतात तसे मडगार्डपाशी तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी हसू लागले. मला हसू अनावर झाले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तो गंभीरपणे म्हणाला, "हास. पन उद्याचा निवद तूच करशीन." दुसऱ्या दिवशी मी पुरण केले. त्याने बॉनेटवर पोळी ठेवली, आणि मग ती दोघांनी मिळून केबिनमध्ये बसून खाल्ली, कारण बाहेर डास होते. त्याने सांगितले, "पुढच्या डाव्या चाकाची टूब हवा सोडून बसते दर आठ दिवसाले. ते एक झालं का नाल्यापलीकडं जाऊ." मी म्हटले, "आणते मी."

तेरावे झाल्यावर पराग आवराआवर करू लागला. मुलगा गुणी आहे, बापावर त्याचे प्रेम होते. पण त्याला परत जायचे होते. घराला कुलूप, वावर दिलीपकडे बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, आणि गाडी भंगारात, असे त्याने ठरवले. अकोल्याहून एक माणूस आला. त्याने डिस्पोजलभोवती फेरी मारली, पत्र्यावर बोटाच्या गाठीने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "एक्सल मस्त हायेत. हे दोन काढून नेतो, बाकीची इथंच कापतो. उद्या गॅस कटर घेऊन येतो." मी चहाचे कप घेऊन उभी होते. मी म्हटले, "नको." कोणाला ऐकू गेले नाही, मला तरी कुठे नीट ऐकू आले? मी कप ओट्यावर ठेवले आणि पुन्हा म्हटले, "कापू नका."

परागने वळून पाहिले. "काय झालं, आत्या?"

"ती मला लागते."

"तुला? अगं, रस्त्यावर नेता येत नाही तिला. तू काय करणार तिचं?"

रात्री अंथरुणात मी यासाठी व्यवस्थित युक्तिवाद रचला होता. वडिलांची आठवण, वावराची सोय, दिलीपची मदत. त्यातले एकही विधान तोंडाला आले नाही. मी म्हटले, "रविवारी लागते मला."

"आत्या…" त्याचा आवाज मऊ झाला. "आता इथं रविवारी कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

 भंगारवाला वैतागून म्हणाला, "साहेब, पयले घरात ठरवून घेत जा ना. उगाच अकोल्याहून हेलपाटा," आणि दोन्ही कप चहा पिऊन निघून गेला. संध्याकाळी परागने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि घराचीही.  आमच्या घरात सगळ्यांनाच वेळ लागतो.

गेल्या रविवारी रऊफभाई अकोल्याहून आले. ट्यूब घातली, चाक चढवले, नट आवळले. काम लवकर संपले म्हणून मीच चमकले, तर म्हणाले, "दादा होते ना मॅडम, तो यही काम दो महिने चलता. वो एक नट कसते और चार बातें करते." मग त्यांनी दोन्ही हात कापडाला पुसले. ते गेल्यावर दिलीपने विचारले, "आत्या, मी येऊ का सोबत?" मी नको म्हटले.

नाल्यात पोटरीभर पाणी होते. मी पहिल्या गिअरमध्ये ती उतरवली. मोठी चाके पाण्यात गेली, क्षणभर माती धरून बसली, आणि मग एकेक करत वर आली. पलीकडच्या वावरात कपाशी कमरेएवढी झाली होती, बोंडे धरली होती. मी इंजिन बंद केले. इथे येण्यासाठी त्याने एवढे सगळे मांडले होते, आणि इथे पाहण्यासारखे विशेष काही नव्हते. धुऱ्यावर एक बाभूळ, पलीकडे दुसऱ्याचे वावर. मी शेजारच्या बैठकीकडे न पाहता मोठ्याने म्हटले, "बोंडे चांगली धरलीत." माझा आवाज मलाच फार मोठा वाटला. मग परत निघाले.

गाडी कडुलिंबाखाली लावायची ती मागून आत घालून. एका अंगाला विहिरीचा कठडा, मागे गोठ्याची भिंत, आणि आरसे बसवायचे अजून राहूनच गेलेले. आजवर हे काम दोघांचे असे. दादा मागे उभा राहून हौद्याच्या फळीवर तळहाताने थाप मारत राही, "येऊ दे… येऊ दे… येऊ दे…", आणि मग जोरात दोन थापा, म्हणजे थांब. मी रिव्हर्स टाकला, मान खिडकीबाहेर काढली, आणि काही वेळ तशीच थांबले. मग गिअर काढून, हँडब्रेक ओढून खाली उतरले. मागे जाऊन पाहिले. भिंत बरीच लांब होती. वर चढले, थोडी मागे घेतली. पुन्हा उतरले, पाहिले. पुन्हा चढले. गुडघे दुखू लागले होते. इंजिन चालूच होते. अखेर उतरून पाहिले तेव्हा भिंत हातभर अंतरावर आली होती. मी हौद्यामागे उभी राहिले, फळीवर तळहाताने जोरात दोन थापा मारल्या, आणि वर जाऊन इंजिन बंद केले.